जलपर्णीची शिरगणती

वनस्पती

जलपर्णी ही गोड्या पाण्यावर तरंगणारी बारमाही वनस्पती असून तिचे मूळ गाव दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनचे खोरे आहे. शास्त्रीय नाव पाँटेडेरिया क्रॅसिपीस. जुन्या पुस्तकांत आयकॉर्निया क्रॅसिपीस. मुंबई उपनगरांत तिचा कायमचा मुक्काम पवई तलावात असतो. अधिवासाचा दाखला, अनामत रक्कम, पोलीस पडताळणी यांपैकी काहीही न देता पवईत तलावाकाठची जागा मिळवणारी ती बहुधा एकमेव रहिवासी आहे.

तिची रचना साधी आणि कामापुरती आहे. पानाचा देठ मध्यभागी फुगलेला असतो. तो ब्लेडने उभा चिरला की आत पांढरट, भुसभुशीत भाग दिसतो. त्यातले बारीक कप्पे हवेने भरलेले असतात आणि बोटांत दाबले की करकर वाजतात. या हवेच्या जोरावर अख्खे झाड तरंगते. झाड उचलून धरले तर खाली काळसर जांभळ्या मुळांचा झुपका लोंबतो. त्यात चिखल, लहान गोगलगायी, तऱ्हेतऱ्हेच्या अळ्या आणि बहुतेक वेळा प्लास्टिकच्या पिशवीचा एक तुकडा असतो. मॅन्सोनिया नावाच्या डासाची अळी याच मुळांना चिकटून राहते. इतर डासांच्या अळ्या श्वास घ्यायला पाण्याच्या पृष्ठभागावर येतात. ही अळी तेवढीही तसदी घेत नाही. ती मुळात नळी खुपसून झाडाच्याच हवेवर जगते, त्यामुळे पाण्यावर तेल फवारून गेलेल्या माणसाचे तिला काही सोयरसुतक नसते.

जलपर्णी आडव्या धावत्या खोडांनी पसरते. हवामान आणि खुराक मनासारखा मिळाला तर एक-दोन आठवड्यांत तिचे क्षेत्र दुप्पट होते. या हिशोबातली मेख पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. अर्धा तलाव अजून मोकळा आहे, असे म्हणून निर्धास्त राहणाऱ्याच्या हाती जेमतेम पंधरवडा उरलेला असतो. शिवाय ती बीही धरते. ते बी तळाच्या गाळात पंधरा-वीस वर्षे रुजण्याची ताकद राखून पडून राहते. एवढी चिकाटी उपनगरांत केवळ पुनर्विकासाची वाट पाहणाऱ्या चाळकऱ्यांपाशी आढळते.

तिच्या जगप्रवासाचे तिकीट तिच्या फुलाने काढले. फूल फिकट जांभळे असते आणि वरच्या पाकळीवर पिवळा डोळा असतो. हा डोळा पाहून लोकांनी तिला बागेतल्या हौदात आणले. पुढचा प्रवास तिने स्वखर्चाने केला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये शोभेसाठी आली आणि बघता बघता नद्या, भातशेती आणि होड्यांच्या वाटा तिने अडवल्या. अखेर १९३६ साली तेथे जलपर्णीविरोधी कायदा करावा लागला. १९३७ च्या बंगाल प्रांतिक निवडणुकीत जलपर्णी हटवण्याचे आश्वासन साऱ्या प्रमुख पक्षांच्या जाहीरनाम्यांत होते. इतके एकमत भारतीय राजकारणात फार थोड्या वनस्पतींच्या वाट्याला आले आहे.

अमेरिकेतील लुईझियाना राज्यात याहून धाडसी विचार झाला. तेथील प्रतिनिधी रॉबर्ट ब्रूसार्ड यांनी १९१० मध्ये आफ्रिकेतून पाणघोडे आणण्याचे विधेयक मांडले. पाणघोडे जलपर्णी खातील, लोक पाणघोडे खातील आणि देशातील मांसटंचाईही मिटेल, असा तो हिशोब होता. विधेयक मंजूर झाले नाही. पवईसाठी या उपायाचा विचार करण्याचे कारण नाही. तेथे मगरी आधीच आहेत आणि त्या शाकाहारी नाहीत.

तलाव

मुंबई उपनगरांत इंग्रजी अमदानीत बांधलेले तीन मोठे तलाव आहेत. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा आणि पवई १८९०-९१ चा. विहार आणि तुळशी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहेत आणि आजही शहराला पिण्याचे पाणी देतात. पवईही पाण्यासाठीच बांधला गेला. त्यावर त्या काळी साडेबारा लाख रुपयांच्या आसपास खर्च झाला. पुढे त्याचे पाणी पिण्याजोगे नाही असे ठरले आणि ते कारखान्यांना व आरे वसाहतीला देण्यात येऊ लागले.

पूर्ण भरल्यावर पवई तलाव सुमारे २.२३ चौरस किलोमीटर पसरतो आणि त्यात ५४५ कोटी लिटर पाणी मावते. दर पावसाळ्यात तो ओसंडून वाहू लागल्याची बातमी महापालिका देते, वर्तमानपत्रे छापतात आणि अंधेरीपासून मुलुंडपर्यंतची कुटुंबे ती समाधानाने वाचतात. हे पाणी कोणाच्याच पिण्याच्या नळाला येत नाही, ही अडचण त्या आनंदाच्या आड कधी आलेली नाही. ओसंडलेले पाणी मिठी नदीत जाते आणि जाताना थोडी जलपर्णीही सोबत नेते. मिठी माहीमजवळ समुद्राला मिळते. खाऱ्या पाण्यात जलपर्णी तग धरत नाही, म्हणून समुद्रापुरता तरी प्रश्न सुटलेला आहे.

पवईत तिचे एवढे फावते, याचे कारण पाण्यातल्या खुराकात आहे. जलपर्णीला नत्र आणि स्फुरद लागते. सांडपाण्यात दोन्ही मुबलक असतात आणि काठच्या वस्त्यांतून, संकुलांतून नाल्यांवाटे सांडपाणी तलावात येत राहते. बादलीतली कपड्यांची पावडर, मोरीतला साबण, संडासाचे पाणी असा सगळा पाहुणचार तिला पोहोचता होतो. शेतकऱ्याला खतासाठी रांगेत उभे राहावे लागते. जलपर्णीला ते घरपोच मिळते.

नोंदीची जुनी पद्धत

मोबाइल येण्यापूर्वी जलपर्णीची नोंद तक्रारीच्या रूपात होत असे. तक्रार बहुधा एकाच वाक्याची असे: तलावाची दुर्दशा झाली आहे, तरी संबंधितांनी लक्ष घालावे. तलावाचा कोणता भाग, किती पसारा, कधीपासून, यांपैकी काही त्यात नसे. पवई प्रशासकीयदृष्ट्या महापालिकेच्या एस विभागात येते, तलाव जल अभियंता खात्याकडे आहे, नाले आणखी कोणाकडे, आणि काठावरून पहाटे फिरायला येणारा नागरिक भलत्याच विभागाचा मतदार. त्यामुळे ‘संबंधित’ कोण, हे शोधण्यातच तक्रारीचे निम्मे आयुष्य सरत असे. उरलेल्या निम्म्यात पाऊस येऊन जलपर्णी वाहून जाई आणि तक्रार आपोआप निकाली निघे.

या पद्धतीचा खरा दोष वेगळाच होता. दरवर्षी ‘यंदा फारच वाढली आहे’ असे सर्वांचे मत पडे, पण गेल्या वर्षी नेमकी किती होती, हे कोणालाच सांगता येत नसे. मागच्या वर्षीचे मतही हेच होते.

साधने

आता या कामाला लागणारे सामान बहुतेकांच्या खिशात असते. मोबाइलचा कॅमेरा फोटो काढतो, त्यातील जीपीएस उपग्रहांवरून ठिकाण ठरवते आणि घड्याळ तारीख-वेळ नोंदवते. ही तिन्ही प्रकारची माहिती एका फोटोत बांधली जाते आणि ॲपमधून सामायिक नकाशावर एक टिंब उमटते.

यासाठी सर्वाधिक वापरात असलेले ॲप म्हणजे आयनॅचरलिस्ट. ते २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात काही विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून सुरू झाले. भारतात त्याच वर्षी इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल उभे राहिले. अमेरिकेत केवळ उपद्रवी परक्या जातींच्या नोंदीसाठी जॉर्जिया विद्यापीठाने २००५ मध्ये एडमॅप्स ही यंत्रणा काढली. तेथील मेन राज्यात तर सरोवराकाठी राहणारे लोक उन्हाळ्यात होडीत बसून आपापल्या वाट्याचा किनारा तपासतात. पवईत होडी काढण्यापूर्वी परवानगी आणि मगर, या दोन गोष्टींचा विचार करावा लागतो. त्यामुळे येथील काम मुख्यतः काठावरून चालते.

ॲप फुकट आहे आणि वापरायला सोपे. ते उघडावे, फोटो काढावा, नाव सुचवावे, पाठवावे. या चार पायऱ्यांपैकी पहिली सर्वांना जमते. दुसरीत बोट मध्ये येते. तिसरीत वाद होतो आणि चौथीच्या वेळी नेट गेलेले असते.

स्वयंसेवक

स्वयंसेवक हा प्राणी प्रामुख्याने रविवारी सकाळी सात ते नऊ या वेळेत आढळतो. हिवाळ्यात त्याची संख्या वाढते, मे महिन्यात घटते आणि जुलैत तो दिसेनासा होतो. एवढ्यावरून जलपर्णीही जुलैत दिसेनाशी होते असा निष्कर्ष काढू नये. तो अनेकदा काढला जातो.

नियोजन व्हॉट्सॲप ग्रुपवर होते. शनिवारी रात्री चाळीस जण अंगठा दाखवून होकार देतात. रविवारी आठ जण प्रत्यक्ष येतात. मुलुंडकर कांजूरमार्गला उतरून रिक्षा करतात आणि सर्वांत आधी पोहोचतात. घाटकोपरकरांचा रस्ता जवळचा असल्याने ते आरामात निघतात आणि उशिरा येतात. अंधेरीकर जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर अडकतात, मात्र ‘पाच मिनिटांत पोचतो’ हे दर पाच मिनिटांनी न चुकता कळवतात. बोरिवलीकर सर्वांत लांबचे, म्हणून सर्वांत शिस्तीचे. ते डबा, पाण्याची बाटली, टोपी आणि पूर्ण चार्ज केलेला फोन घेऊन येतात. दुपारपर्यंत उरलेल्या सातही जणांचे फोन त्यांच्याच पॉवर बँकेवर चालतात.

स्वभावावरून त्यांचे चार प्रकार पडतात. पहिला प्रकार शास्त्रशुद्ध. तो प्रत्येक झाडाचे पान, देठ, फूल, मूळ आणि परिसर असे पाच फोटो घेतो आणि नऊ वाजेपर्यंत तलावाकाठच्या गणेश घाटाच्या पहिल्या पायरीवरच असतो. दुसरा वेगवान, तो दोन तासांत नव्वद टिंबे टाकतो, त्यांतली साठ एकाच झाडाची निघतात. तिसरा निवृत्त अधिकारी. तो टिंबे टाकत नाही; १९७८ साली तलाव किती स्वच्छ होता हे तो इतरांना सांगतो. त्याची माहिती मोलाची असते, पण ॲपमध्ये तिच्यासाठी रकाना नाही. चौथा प्रकार शाळकरी मुलांचा. त्यांना सक्तीने आणलेले असते, मात्र सर्वांत बिनचूक नोंदी त्यांच्याच असतात. कारण ती सूचना वाचतात.

ओळख पटवणे

नोंदीची किंमत ओळखीवर ठरते. जलपर्णीची खूण फुगलेला देठ आणि गुळगुळीत, चकचकीत पान. दाट गर्दीत वाढलेल्या झाडाचा देठ मात्र लांब आणि सडपातळ होतो, तेव्हा पानावरून आणि फुलावरून ओळखावे लागते. तिच्याशी गल्लत होते ती पिस्टिया, साल्व्हिनिया आणि बेशरम या वनस्पतींची. पिस्टियाची पाने मखमली लवेची, गुलाबाच्या घडणीत पाण्यालगत पसरलेली. तिला फुगा नसतो. साल्व्हिनिया मुळात नेचेवर्गातली. तिची पाने लहान, जोडीजोडीने येणारी आणि वरच्या बाजूस बारीक केस असलेली. केरळात तिने भातशेतीला जेरीस आणले होते. बेशरम काठाच्या चिखलात उभी वाढते आणि तिला कण्हेरीएवढ्या उंचीवर फिकट गुलाबी कर्ण्याची फुले येतात. तीही दक्षिण अमेरिकेचीच. पाणकणीस, कमळ आणि कुमुद हे येथले मूळचे रहिवासी. त्यांची मुळे तळाला रुजलेली असतात आणि त्यांना उपद्रवी म्हणून नोंदवू नये.

प्रत्यक्षात ग्रुपवर होणारा संवाद साधारण असा असतो.

“पवईत कमळं फुललीत! सुप्रभात!”

“काका, ते कमळ नाही. जलपर्णी आहे.”

“अगं, पण फूल किती सुंदर आहे.”

“हो काका. म्हणूनच तर ती इथवर आली.”

“बरं बरं. मी पाच ग्रुपवर पाठवलं आहे, आता राहू दे.”

आयनॅचरलिस्टवर ओळख मतदानाने ठरते. ॲपमधील संगणक फोटो पाहून नाव सुचवतो, नोंदकर्ता ते स्वीकारतो किंवा दुसरे देतो आणि नंतर जगभरातील जाणकार आपले मत नोंदवतात. दोन-तृतीयांशांपेक्षा अधिक मते एका जातीवर जमली की नोंदीला ‘संशोधन दर्जा’ मिळतो. पवईच्या काठावरून पाठवलेल्या झाडाचे नाव अशा रीतीने ब्राझीलमधला एखादा वनस्पतितज्ज्ञ पक्के करतो. आपल्या गावची मुलगी परदेशात काय करते आहे, हे पाहून त्याला काय वाटते, याची नोंद घेण्याची सोय अद्याप झालेली नाही.

चुकांचे प्रकार

नकाशावरील चुका पाच प्रकारच्या असतात.

पहिली चूक जीपीएसची. मोकळ्या आकाशाखाली मोबाइल पाच-दहा मीटरच्या आत ठिकाण सांगतो. उंच इमारतींजवळ उपग्रहाचा संदेश भिंतींवर आदळून वळसा घेऊन येतो आणि टिंब सरकते. पवईत एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला टॉवर असल्याने काही जलपर्णी रस्त्याच्या मधोमध आणि काही दुकानात उगवलेली दिसते.

दुसरी चूक पाठवणीची. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने फोटो पुढे पाठवला की त्यातील ठिकाणाची आणि वेळेची माहिती गळून पडते. तो फोटो बोरिवलीला घरी बसून ॲपमध्ये चढवला आणि ठिकाण हाताने नीट लावले नाही, की जलपर्णी बोरिवली पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावर नोंदली जाते. काही जण चूक टाळण्यासाठी ठिकाणाभोवती अंदाजाचे वर्तुळ एवढे मोठे काढतात की त्यात पवई, विहार, आरे आणि घाटकोपरचा काही भाग एकदमच मावतो. अशी नोंद खोटी नसते; तिचा उपयोग मात्र काही नसतो.

तिसरी चूक खुद्द जलपर्णीची. ती एका जागी थांबत नाही. दुपारी समुद्राकडून पश्चिमेचा वारा सुटला की तिचे थवे पूर्वेच्या काठाला लागतात. वारा फिरला की तीही फिरते. सकाळी एका घाटावर मोजलेली जलपर्णी संध्याकाळी समोरच्या काठावर दुसरा गट पुन्हा मोजतो, आणि दोन्ही गट आपापल्या जागी बरोबर असतात. शिरगणतीच्या इतिहासात मोजणी चालू असताना सगळे गाव होडीसकट पलीकडे निघून गेल्याची उदाहरणे फारशी नाहीत.

चौथी चूक डोळ्याची. काठावर उभे राहून सपाट पाण्याकडे तिरकस पाहिले की मधल्या मोकळ्या जागा दिसत नाहीत आणि दूरचे पाणी सगळेच झाकलेले वाटते. ‘नव्वद टक्के तलाव व्यापला’ हे विधान बहुधा पाच फूट सहा इंचांवरून केलेले असते. हाच अंदाज विसाव्या मजल्यावरून घेतला तर बराच खाली येतो. त्यामुळे या कामातला सर्वांत विश्वासू स्वयंसेवक घराबाहेर न पडणारा निघतो. तलावासमोरच्या इमारतीतील एखाद्या आजींनी दर पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता बाल्कनीच्या त्याच कोपऱ्यातून, त्याच चौकटीत फोटो काढला, तर वर्षभरात तयार होणारी बारा चित्रांची मालिका नव्वद टिंबांपेक्षा अधिक सांगते. फ्लॅट घेताना तलावाच्या दर्शनाचे वेगळे पैसे मोजलेले असल्याने आणि आता हिरवळीचे दर्शन घडत असल्याने, ही चिकाटी त्यांच्यापाशी असतेही.

पाचवी चूक सर्वांत मोठी: रिकाम्या जागेची. जिथे पदपथ, सावली आणि वडापाव आहे तिथे टिंबांची दाटी होते. जिथे झुडपे, चिखल आणि मगरींपासून सावध राहण्याचा फलक आहे, तिथे नकाशा कोरा राहतो. कोऱ्या जागेचा अर्थ जलपर्णी नाही असा होतो की स्वयंसेवक नाही असा, हे नकाशा सांगत नाही. म्हणून जाणकार ‘येथे पाहिले, काही आढळले नाही’ अशी नोंदही मागतात. ही नोंद करायला स्वयंसेवक तयार नसतात. रविवारी सकाळी पाचला उठून ‘काही नाही’ लिहिणे माणसाच्या स्वभावात बसत नाही.

आकाशातून तपासणी

काठावरच्या नोंदी ताडून पाहण्यासाठी उपग्रह आहेत. युरोपच्या सेंटिनेल-२ मालिकेतील पहिले दोन उपग्रह २०१५ आणि २०१७ मध्ये सोडले गेले. या मालिकेतले उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी एकाच जागेवरून जातात आणि दहा मीटर बाजूचा चौकोन वेगळा ओळखतात. हिरवी पाने डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परावर्तित करतात, मोकळे पाणी तो गिळून टाकते. या फरकावरून तलावाचा किती भाग झाकला आहे ते मोजता येते. ही चित्रे कोणालाही विनामूल्य मिळतात.

उपग्रह विसाव्या मजल्यापेक्षाही उंचावर असल्याने त्याला तिरकस नजरेचा दोष नाही. त्याचे दोष दुसरे. जून ते सप्टेंबर मुंबईवर ढग असतात, तेव्हा त्याला ढगच दिसतात. शिवाय त्याला हिरवे दिसते, पण ते जलपर्णीचे की साल्व्हिनियाचे की काठच्या गवताचे, हे सांगायला काठावर कोणीतरी उभे असावे लागते. अशा रीतीने जवळपास आठशे किलोमीटर उंचीवरील यंत्राला अखेर कांजूरमार्गहून रिक्षाने आलेल्या माणसाची गरज पडते.

काढणी

नकाशा तयार झाला की काढणीचा प्रश्न येतो. पाण्यात आणि चिखलात दोन्हीकडे चालणारी यंत्रे जलपर्णी उपसून काठावर टाकतात. जलपर्णीच्या वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. त्यामुळे दहा टन जलपर्णी ट्रकमधून हलवली म्हणजे नऊ टनांहून अधिक तलावच हलवला जातो. वजनावर ठरवलेल्या कामात ओली जलपर्णी सर्वांना आवडते. सुकेपर्यंत थांबण्यात कोणाचाच फायदा नसतो. इथे स्वयंसेवकांचा नकाशा उपयोगी पडतो. काढणीपूर्वीचे आणि नंतरचे, तारीख-वेळ असलेले फोटो शेजारी ठेवले की किती टन काढले यापेक्षा किती पाणी मोकळे झाले हे कळते, आणि तलावाच्या दृष्टीने हिशोब तोच आहे.

दुसरा उपाय भुंग्यांचा. निओकेटिना वंशातील दोन जातींचे भुंगे केवळ जलपर्णीवर जगतात. १९८० च्या दशकात ते बंगळूरमार्गे भारतात आणले गेले आणि काही तलावांत त्यांनी चांगले काम केले. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरातही १९९० च्या दशकात त्यांचा मोठा उपयोग झाला. मात्र भुंगे सवडीने खातात, आणि सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी त्यांच्या खाण्यापेक्षा वेगाने वाढते. त्यातच यंत्र आले तर ते जलपर्णीबरोबर भुंगेही उचलून ट्रकमध्ये भरते. कामावर लावलेल्या दोघांपैकी एकाने दुसऱ्याला उचलून नेण्याचा हा प्रकार सरकारी कामकाजाच्या अभ्यासकांना नवा नाही.

नकाशा काय सांगतो

एका दिवसाचा नकाशा फार काही सांगत नाही. त्या दिवशी वारा कुठला होता एवढे त्यावरून कळते. दोन-तीन वर्षांच्या नोंदी एकावर एक ठेवल्या की वाऱ्याची ये-जा बाजूला पडते आणि न हलणाऱ्या जागा उरतात. पावसाने तलाव धुऊन निघाल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पहिली हिरवी ठिगळे कुठे दिसतात, हे त्यात सर्वांत महत्त्वाचे. खुराक जिथून येतो तिथे वाढ आधी धरते आणि जोमाने धरते, म्हणजे नाल्याच्या तोंडाशी. टिंबे जलपर्णीची असतात. नकाशा मात्र सांडपाण्याचा निघतो.

हे समजल्यावर कामाचा क्रम उलटा करावा लागतो. जलपर्णी काढणे हा दर वर्षीचा खर्च आहे. नाले अडवून सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे वळवणे हा एकदाचा. पहिल्या खर्चाला उद्घाटन, यंत्र आणि फोटो मिळतो. दुसरा जमिनीखालून जातो आणि त्याचा फोटो चांगला येत नाही. जलपर्णीला या दोन्हींतला फरक पक्का ठाऊक आहे. पाण्यातला खुराक कायम ठेवून तिला कितीही वेळा उपसले, तरी गाळातले बी आणि चुकून राहिलेले एखादे झाड यांच्या भांडवलावर ती पुन्हा सुरुवात करते.

तेव्हा पवईच्या काठावर फोन घेऊन उभ्या राहणाऱ्याने एवढे करावे. फोनमधील ठिकाणाची सोय चालू ठेवावी, फोटो थेट ॲपमधून पाठवावा, दर खेपेस त्याच जागी त्याच वेळी यावे, आणि काही आढळले नाही तर तसे लिहिण्यात कमीपणा मानू नये. जांभळ्या फुलाचा फोटो खुशाल घ्यावा. मग दहा पावले चालून नाल्याच्या तोंडाचाही घ्यावा. तो सुप्रभात म्हणून पाठवण्याजोगा येत नाही. पालिकेकडे करायच्या अर्जाला मात्र तोच जोडावा लागतो.